सनद कुणाच्या नावावर? नेब्रास्कातल्या एका रँचचं प्रकरण

पार्श्वभूमी

माझ्या यजमानांचं आजोळ नेब्रास्कातल्या सँडहिल्समध्ये आहे. सँडहिल्स म्हणजे गवतानं धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, जवळपास १९,००० चौरस मैल. इथे नांगर घातला की मुळं सुटतात, मग वारा वाळू उचलायला लागतो आणि बघता बघता हिरव्या टेकडीला पांढरं भगदाड पडतं. म्हणून इथे पीक थोडं आणि गुरं फार. या भागातली चेरी काउंटी आपल्या सोलापूर जिल्ह्याहून थोडी मोठी आहे आणि तिथे माणसं सहा हजारांच्या आत राहतात. आजोळची काउंटी कोणती ते सांगत नाही, कुणाचं नावही देत नाही. घरच्यांनी लिहायची परवानगी दिली ती याच अटीवर.

रँच मामेसासरे बघतात. वय ऐंशीला टेकलेलं. मी त्यांना ‘मामा’ म्हणते आणि आता ते स्वतःही फोनवर ‘मामा बोलतोय’ म्हणतात. सासूबाई त्यांची धाकटी बहीण, त्या लिंकन शहरात असतात.

घरात चालत आलेली गोष्ट अशी. पणजोबा, म्हणजे मामांचे आजोबा, १९०४ साली पूर्व नेब्रास्कातून घोडागाडीत सामान घालून आले. त्यांनी सरकारकडून ६४० एकर घेतली, मातीचं घर बांधलं, पवनचक्की उभी केली आणि गुरं वाढवली. पणजी पुढे लग्न होऊन या घरात आली. रँचला पणजोबांचं आडनाव आहे. वासरांना दर मे महिन्यात डाग देतात तोही त्यांच्याच आद्याक्षराचा.

जमिनीचा कायदा इथे थोडा समजून घ्यावा लागतो, कारण पुढचं सगळं त्यावर फिरतं. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर मिळायची. जमिनीवर पाच वर्षं राहायचं, ती कसायची, मग मालकीची सनद हातात. पूर्व नेब्रास्काच्या काळ्या मातीत १६० एकरांवर कुटुंब उभं राहायचं. सँडहिल्समध्ये तेवढ्यात पंधरा-वीस गायीही धड जगत नाहीत. बड्या गुरंवाल्यांनी सरकारी कुरणांनाच कुंपणं घातली होती. १८८५च्या कायद्यानं ती बेकायदा ठरली, पण ती खरोखर निघू लागली थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष असताना. त्याच सुमारास मोझेस किंकेड या ओनील गावच्या खासदाराचा कायदा झाला. वायव्य नेब्रास्काच्या ३७ काउंट्यांमध्ये माणशी ६४० एकर, म्हणजे एक चौरस मैल. अट पुन्हा पाच वर्षांच्या वस्तीची, आणि एकरी सव्वा डॉलर, म्हणजे ६४० एकरांवर ८०० डॉलर किमतीच्या सुधारणा करून दाखवायच्या. २८ जून १९०४ला कायदा लागू झाला तेव्हा व्हॅलेंटाइन, अलायन्स, ब्रोकन बो इथल्या जमीन कचेऱ्यांसमोर रांगा लागल्या होत्या.

प्रश्न कुठून निघाला

नेब्रास्कात ‘पायोनियर फार्म अवॉर्ड’ असतो. एकाच कुटुंबाकडे शंभर वर्षं जमीन राहिली की अॅक्सारबेन ही संस्था (नेब्रास्का हे नाव इंग्रजीत उलटं लिहिलं की हेच नाव होतं) काउंटीच्या जत्रेत त्या घराचा सन्मान करते. मामांना तो हवा होता. २०२२च्या शरद ऋतूत त्यांनी अर्ज माझ्यापुढे ठेवला. ‘तुला कागदपत्रांची आवड आहे, तू भर.’

जमीन घरात कधी आली, कुणाच्या नावावर आली, एवढंच लिहायचं होतं. सरकारी सनदा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. पणजोबांचं नाव घातलं, काही आलं नाही. स्पेलिंग चार तऱ्हांनी बदलून पाहिलं, तरी नाही. मग नावाचा नाद सोडून जमिनीवरून शोध घेतला. अमेरिकेत जमीन चौकटींत मोजलेली असते: ३६ चौरस मैलांचं टाउनशिप, त्यात एकेका मैलाचे ३६ सेक्शन. मामांच्या कर-पावतीवर सेक्शनचा आकडा होताच. तो घातला आणि १९११ सालची सनद समोर आली, एका बाईच्या नावानं. पहिलं नाव पणजीचं, आडनाव घरात कुणी कधी उच्चारलेलं नाही असं. पुढे शब्द होते: अमक्याची विधवा, अमका मयत.

हे शब्द मला नवे नव्हते. आमच्या साताऱ्याकडच्या फेरफाराच्या वहीत ‘मयत अमुक याची विधवा’ असं लिहिलेलं मी लहानपणापासून पाहिलं आहे. त्या शब्दांमागे एक अख्खं घर उभं असतं हे ठाऊक असल्यामुळेच मी तिथे थांबले. नाहीतर ‘ही कुणी दुसरी असेल’ म्हणून पुढे गेले असते.

कागद काय म्हणाले

१ जुलै १९०८नंतरच्या सनदांना अनुक्रमांक आहे. त्या एका आकड्यावर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून पूर्ण फाइल मिळते. ती यायला काही आठवडे गेले.

अर्ज १९०५च्या शरदात पणजीच्या पहिल्या नवऱ्यानं केला होता. मार्च १९०८मध्ये तो वारला. मागे तिशीतली बायको, तीन मुलं आणि जेमतेम अर्धी भरलेली मुदत. नवरा असताना बाईला स्वतःच्या नावानं होमस्टेड सहसा मागता येत नसे, पण अर्जदार मेला तर विधवेला मुदत पुरी करून सनद आपल्या नावावर घेता येई. तिनं ती घेतली. नोव्हेंबर १९१०च्या तिच्या जबानीत सगळं मोजून लिहिलं आहे: मातीचं घर १६ बाय ३० फूट, त्याला लाकडी पडवी, एक पवनचक्की, तीन मैल कुंपण, नांगरलेली जमीन फक्त ११ एकर, गुरं ३७. सुधारणांची किंमत १,१५० डॉलर. अकरा एकर वाचून मला ती बाई कळली. कागदावर कष्ट दिसावेत म्हणून तिनं वाळू उकरून ठेवली नव्हती, कारण तिथे जास्त नांगरणं म्हणजे आपल्याच जमिनीचं भगदाड करणं.

तिनं सांगितलेलं मातीचं घर म्हणजे गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ठोकळ्यांचं घर. झाडच नसलेल्या मुलखात दुसरं काय मिळणार? सरपण म्हणून त्या भागातल्या बायका कुरणात वाळलेलं शेण गोळा करायच्या. रानशेणी! मामांच्या आत्यानं लहानपणी पोत्यांनी रानशेणी वेचल्याचं घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ती आत्या पहिल्या नवऱ्याची मुलगी होती हे कुणाला माहीत नव्हतं.

सनदेआधी गावच्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागे, चार साक्षीदारांच्या नावांसह. त्यातल्या दोघांची जबानी होई. या फाइलमधला दुसरा साक्षीदार म्हणजे आमचे पणजोबा. १९०७पासून आपण या घराला ओळखतो आणि बाईंकडे कामाला आहोत, असं त्यांनी शपथेवर सांगून खाली स्वच्छ सही केली आहे. १९१०च्या जनगणनेतही तसंच. कुटुंबप्रमुख ती, आणि यादीत सगळ्यात शेवटी ते, नात्याच्या रकान्यात ‘गडी’. आपल्या भाषेत सालगडी.

१९१२ साली दोघांनी लग्न केलं. मामांचे वडील या दुसऱ्या लग्नातले. पुढे गुरांचा डाग नव्या नवऱ्याच्या नावानं नोंदला गेला, कर्जाच्या कागदांवर त्याची सही आधी आली, १९२०च्या जनगणनेत कुटुंबप्रमुख तो झाला. कुणी खोटं बोललं असं मला कुठेही दिसलं नाही. सातबाऱ्यावर ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून एका पुरुषाचं नाव लागतं आणि दोन पिढ्यांत त्यालाच सगळे मूळ मालक समजतात, तसंच हे झालं.

पर्याय आणि पहिली चूक

फाइल वाचून झाली तेव्हा अर्जाची मुदत तोंडावर आली होती. तीन वाटा होत्या. घरची गोष्ट आहे तशी लिहून द्यायची. किंवा सनदेचं साल लिहायचं आणि नाव मोघम ठेवायचं, ‘कुटुंबाकडे १९११पासून’ असं. हे खोटं नव्हतं, आणि खरं सांगते, मला ते फार सोयीचं वाटलं. तिसरी वाट म्हणजे पणजीला पहिली मालक म्हणून लिहायचं, तिच्या पहिल्या नवऱ्यासकट.

तिसरी वाट धरायची तर मामांना सांगणं आलं. मी आधी सासूबाईंना सांगितलं, कारण त्या जवळ होत्या आणि त्यांच्याशी मी मोकळेपणी बोलते. त्यांनी त्याच रात्री भावाला फोन केला. मामांना आपल्या आजोबांबद्दल ‘गडी होते’ हे वाक्य फोनवर, बहिणीच्या तोंडून, कागद समोर नसताना ऐकावं लागलं. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. नंतर म्हणाले ते एवढंच: त्या माणसानं पन्नास वर्षं या गुरांसाठी बर्फात रात्री काढल्या. तू त्याला एका शब्दात बसवलंस.

ते बरोबर होतं. दोघा भावंडांना एकाच टेबलाशी बसवून, फाइल मध्ये ठेवून सांगायला हवं होतं. वाचायला सुरुवात जबानीपासून करायला हवी होती, जनगणनेच्या त्या रकान्यापासून नाही. साक्षीदार म्हणून उभा राहिलेला माणूस आणि यादीतला गडी एकच आहेत, पण कोणता आधी भेटतो यानं फार फरक पडतो.

अर्ज त्या वर्षी भरायचा नाही, हे मामांनीच ठरवलं. मला ते तेव्हा रागातून आल्यासारखं वाटलं. पुढे कळलं की त्यांना वेळ हवा होता.

एक शंका आणि तिची तपासणी

मामांनी काही दिवसांनी स्वतःच एक गंभीर प्रश्न काढला. सँडहिल्समध्ये बड्या गुरंवाल्यांनी यादवी युद्धातल्या सैनिकांच्या विधवांच्या नावानं खोटे अर्ज भरून जमिनी गिळल्या होत्या, हे तिथल्या जुन्या माणसांना माहीत असतं. स्पेड रँचच्या बार्टलेट रिचर्ड्‌ससारख्या बड्या माणसाला जमिनीच्या फसवणुकीबद्दल तुरुंगवास झाला आणि शिक्षा चालू असतानाच १९११ साली तो वारला. मग आमची विधवाही कुणाच्या हातातलं नुसतं नाव नव्हती कशावरून?

प्रश्न अवघड होता, पण तपासता येण्यासारखा होता. खोट्या अर्जांच्या खुणा ओळखता येतात: घर नावापुरतं, अर्जदार दूर कुठेतरी, आणि सनद मिळाली न मिळाली की जमीन बड्या रँचला विकलेली. आम्ही काउंटीच्या खरेदीखतांच्या नोंदवह्या १९०५ ते १९३० अशा पानोपान पाहिल्या. मामा स्वतः बरोबर आले. पणजीच्या सेक्शनची विक्री नाही. १९१३ साली एक गहाण, सहा वर्षांत फेडलेलं. १९१६ आणि १९२१ साली शेजारचे दोन अर्जदार कंटाळून निघून गेले तेव्हा त्यांच्या जमिनी विकत घेतल्या, त्या खतांवर नवरा-बायको दोघांची नावं. जबानीत तिनं दोन हिवाळे गावात काढल्याचं सांगितलं होतं, मुलांच्या शाळेसाठी. ती गैरहजेरी तिनं लपवली नव्हती.

नोंदवही मिटून मामा म्हणाले, ‘ती तिथेच राहत होती.’ माझ्या लेखी या प्रकरणाचा निकाल त्या दिवशी लागला. मी तोंडानं कितीही सांगितलं असतं तरी त्यांनी स्वतः पानं उलटल्याशिवाय तो लागला नसता.

टेकडीवरचं थडगं

घराच्या पश्चिमेला एका टेकडीवर लोखंडी कुंपणाचा लहानसा चौकोन आहे. आत नाव नसलेला दगड. घरात त्याला ‘वाटसरू गुराख्याची जागा’ म्हणतात: कुणी अनोळखी गुराखी हिमवादळात सापडला आणि पणजोबांनी त्याला मूठमाती दिली.

नेब्रास्कानं राज्यभर मृत्यूंची नोंद १९०४ साली सुरू केली, त्यामुळे पहिल्या नवऱ्याचा दाखला मिळाला. कारण न्यूमोनिया, दफनाची जागा ‘राहत्या ठिकाणी’. मी तो मामांना दाखवला आणि मग विचारलं, तुम्हाला आजीचं त्या टेकडीबद्दल काही आठवतं का? ती १९५१ साली गेली, तेव्हा ते आठ वर्षांचे होते.

ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सांगितलं की दर ३० मेला, ज्याला तेव्हा डेकोरेशन डे म्हणत (थडग्यांवर फुलं वाहायचा दिवस), आजी परसातली लायलॅक आणि पिओनीची फुलं कापून ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि एकटी टेकडी चढायची. मुलांनी मागे यायचं नाही. आजोबा तिला घोडा जोडून देऊ का विचारायचे, ती नको म्हणायची, मग ते ती परत येईपर्यंत गोठ्याच्या दाराशी थांबायचे. ‘परक्या माणसासाठी आजी एवढं करते म्हणून मला तिचा अभिमान वाटायचा,’ मामा म्हणाले.

ही आठवण माझ्या वहीतली सगळ्यात मोलाची नोंद आहे, आणि तिच्यात माझ्या हातून एक उणीव राहिली. मी दाखला आधी दाखवला आणि प्रश्न नंतर विचारला. उलट करायला हवं होतं. आठवण कागदाच्या आधी सांगितलेली असती तर ती स्वतंत्र पुरावा ठरली असती. आता कुणी म्हणू शकेल की दाखला पाहून म्हाताऱ्या माणसानं जुळवून घेतलं. मला तसं वाटत नाही. फडकं ओलं असल्याचं कुणी जुळवून सांगत नाही. पण वहीत मी क्रम जसा घडला तसाच लिहिला आहे.

जागा खणून बघायची का, हा प्रश्न नातवंडांपैकी एकानं काढला. मामा नाही म्हणाले, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. दगडावर नाव घालायचं, पण खात्रीच्या भाषेत नाही असं ठरलं. कोरलं ते असं: पहिल्या नवऱ्याचं नाव, जन्म-मृत्यूची सालं, आणि खाली ‘या जागेवर १९०८ साली दफन झाल्याची नोंद आहे’. दगड घडवणाऱ्याला हे वाक्य थडग्यासाठी कोरडं वाटलं. मला ते अजूनही योग्य वाटतं.

अर्जात काय लिहिलं

अर्ज पुढच्या वर्षी भरला. पहिली मालक पणजी, १९११. नंतर तिचा आणि दुसऱ्या नवऱ्याचा एकत्र कारभार, मग मुलगा, मग मामा. साखळी रक्तानं तुटत नाही कारण ती पणजीतून जाते. घरच्या जुन्या गोष्टीप्रमाणे लिहिलं असतं तर सनदेशी जुळलंच नसतं.

सोबत जोडायचा घराचा इतिहास मामांनी आपल्या हातानं लिहिला. त्यात पहिलं वाक्य होतं की आजी आली तेव्हा हा मुलूख रिकामा होता. मी त्यांना विचारलं, हे राहू द्यायचं का? १८६८च्या फोर्ट लॅरमी तहानं नॉर्थ प्लॅटच्या उत्तरेला शिकारीचा हक्क इथल्या मूळ रहिवाशांकडे, लाकोटांकडे, ठेवला होता आणि दहा वर्षांच्या आत तो काढून घेतला गेला. इथून उत्तरेला गाडी हाकली की राज्याची हद्द ओलांडताच रोझबड आणि पाइन रिज ही त्यांची राखीव क्षेत्रं लागतात. पणजी आली तेव्हा हे होऊन तीस वर्षंही झाली नव्हती. मामांनी वाद घातला नाही. वडील रोझबडच्या माणसांशी घोड्यांचा व्यवहार करायचे, तेव्हा ते म्हाताऱ्यांकडून ऐकून आले होते की इथल्या तळ्यांना आधीची नावं आहेत. ‘रिकामा’ शब्द गेला. तळ्यांची नावं मात्र वडिलांनी कधी सांगितली नाहीत आणि मामांनी विचारली नाहीत, याचं त्यांना आता वाईट वाटतं.

सन्मान काउंटीच्या जत्रेत झाला. फाटकावरची पाटी बदलायची नाही असं मामांनी ठरवलं, तिथे आडनाव आहे तेच आहे. तिच्याखाली दुसरी लहान पाटी लावली, पणजीच्या नावाची, १९११ सालासह. पाटीवर तिचं सनदेतलं आडनाव घालायचं की नंतरचं, यावर दोन महिने गेले. शेवटी तिचं फक्त पहिलं नाव घातलं.

अजून बाकी आहे ते

पहिल्या लग्नातल्या तीन मुलांपैकी दोघं मूलबाळ न होता गेले. मुलगी, रानशेणी वेचणारी आत्या, १९२४ साली लग्न करून ओरेगनला गेली आणि हळूहळू पत्रं थांबली. तिच्या वंशजांपर्यंत पोचायला डीएनए चाचणी हा एक मार्ग होता. सासूबाईंना तो आवडला नाही. परक्या माणसाला असं नातं आधी पडद्यावर दिसावं हे त्यांना बरं वाटेना. आम्ही जुन्या मृत्युलेखांवरून पत्ता काढला आणि मामांच्या हस्ताक्षरात पत्र पाठवलं. चार महिने उत्तर नव्हतं. मग आत्याच्या पणतीकडून एक जाड पाकीट आलं, आत एका फोटोची प्रत.

मातीचं घर, पवनचक्की, दारात पणजी आणि तीन मुलं. उजव्या कडेला दोन घोड्यांचे लगाम धरून एक पुरुष उभा आहे, टोपीची सावली पार हनुवटीपर्यंत. मामा म्हणतात, टोपी आजोबांचीच, अशीच एक त्यांच्या माळ्यावर आहे. ओरेगनच्या पणतीनं लिहिलं आहे की त्यांच्याकडे हा फोटो कायम ‘वडिलांचा’, म्हणजे पणजीच्या पहिल्या नवऱ्याचा, म्हणूनच ठेवलेला होता. मागे पेन्सिलीनं लिहिलेलं साल आहे, त्यातला शेवटचा आकडा पुसला आहे. सात असू शकतो, नऊही असू शकतो. धाकटं मूल कडेवर आहे की उभं, यावरून काही ठरेल असं वाटलं होतं, पण ते आईच्या पदराआड, तिच्या स्कर्टमागे अर्धं लपलं आहे.

दोन्ही म्हणणी मी वहीत शेजारीशेजारी लिहून ठेवली आहेत, कुणी आणि कधी सांगितलं त्या तारखेसह. मूळ फोटो घेऊन ती पणती पुढच्या मे महिन्यात, वासरांना डाग द्यायच्या वेळी, रँचवर येणार आहे.